वृद्धनिवासाची तपासणी : आधी माणूस, मग खोली, मग कागद

वृद्धनिवास तपासायला पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण पोचल्यापोचल्या व्यवस्थापकाच्या खोलीत बसतात आणि फायली मागवतात. अर्धा दिवस तिथेच संपतो. फायली सहसा ठीक निघतात, कारण त्यातल्या बऱ्याचशा तपासणी डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेल्या असतात. क्रम उलटा ठेवा. आधी माणूस बघायचा, मग त्याची खोली, मग त्याचा कागद. या तिघांचं जिथे जुळत नाही तिथे थांबायचं आणि खणायचं.

खाली दिलेली मापं व्यवहारात सर्रास वापरली जातात. तुमच्याकडचा नियम त्याहून कडक असेल तर तोच धरा.

जाण्यापूर्वी

बरोबर घ्यायच्या वस्तू थोड्याच : पाण्यात बुडवता येईल असा डिजिटल थर्मामीटर, मोजपट्टी, टॉर्च, सेकंद दाखवणारं घड्याळ, वही. कॅमेरा वापरायचा तर फक्त वस्तूंसाठी. रहिवाशाचा चेहरा किंवा उघडं अंग फोटोत येता कामा नये.

न सांगता जा, आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास पोचा. त्या वेळी रात्रपाळी अजून घरात असते आणि दिवसपाळी यायची असते. रात्री किती माणसं कामावर होती हे मोजायची ही एकच खात्रीची वेळ. दहा वाजता गेलात तर दिसतं ते सगळं आवरलेलं घर.

पहिला अर्धा तास : फक्त चाला

कामावर हजर असलेल्यांची डोकी मोजा आणि हजेरीपत्रकाशी ताडा. एकाच सेविकेचं नाव दोन मजल्यांवर लिहिलेलं आढळणं दुर्मीळ नाही.

इतक्या पहाटे किती रहिवासी आंघोळ करून, कपडे घालून खुर्चीत बसवलेले आहेत ते पाहा. काहींना लवकर उठायची सवय असते. पण दहा-बारा जण अंधारात तयार होऊन पेंगत असतील, तर ते रात्रपाळीने दिवसपाळीचं काम हलकं करण्यासाठी उठवलेले आहेत. कोणाच्या कागदावर ‘लवकर उठणं आवडतं’ असं लिहिलंय हे नंतर तपासा.

वासाचं असं आहे : एका खोलीत लघवीचा वास आला तर नुकतंच काही घडलेलं असू शकतं. पूर्ण मजल्यावर येत असेल तर तो गादीत, कार्पेटमध्ये किंवा खुर्चीच्या फोममध्ये मुरलेला आहे. खुर्चीची बैठक उचलून खाली टॉर्च मारा. आणि सुगंधी फवाऱ्याचा वास जिथे सर्वांत जास्त, तिथे जास्त वेळ थांबा.

पाच माणसं निवडा

हा तपासणीचा गाभा आहे, म्हणून निम्मा वेळ इथेच द्या. रहिवाशांच्या यादीतून पाच जण तुम्ही स्वतः निवडा. व्यवस्थापक सुचवतील ते नकोत. एक अंथरुणाला खिळलेला, एक गेल्या महिन्याभरात आलेला, एक स्मृतिभ्रंश असून चालता-फिरता, एक इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा, आणि एक नुकताच रुग्णालयातून परतलेला. घराचे जवळपास सगळे कच्चे दुवे या पाचांत सापडतात.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीपासून सुरुवात करा. त्यांची परवानगी घ्या. त्या सांगू शकत नसतील तर परिचारिकेला सोबत घ्या आणि कूस बदलताना किंवा कपडे बदलताना हजर राहा. बेडसोअर (सतत दाब पडून होणाऱ्या जखमा) होतात त्या जागा ठरलेल्या आहेत : माकडहाड, कुल्ह्याची हाडं, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागेही पाहायला सांगा. लाल डागावर बोट दाबून सोडल्यावर तो क्षणभर पांढरा पडला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात झालेली आहे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तिथे शेजारच्या त्वचेपेक्षा गरम, थंड, टणक किंवा दुखरं लागतंय का ते परिचारिकेला हात लावून सांगू द्या.

मग गादी. हवेच्या गादीचा पंप बहुतेक ठिकाणी पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला असतो आणि त्यावर वजनाचा आकडा लावायचा असतो. ४५ किलोच्या बाईंसाठी तो ९० वर असेल तर गादी दगडासारखी कडक होते आणि असून नसल्यासारखी. हे फार ठिकाणी चुकतं, कारण गादी बसवणारा माणूस एकदा आकडा लावून जातो आणि नंतर पलंगावर झोपणारी व्यक्ती बदलते. पंपाची तार ओढली जाऊन प्लग निघालेलाही सापडतो.

आता कूस बदलल्याचा तक्ता. दोन तासांनी की चार तासांनी, हे त्या व्यक्तीच्या धोक्यावर ठरतं. ते तिच्या काळजीच्या आराखड्यात लिहिलेलं हवं. तक्त्यातल्या वेळा बघा. ८:००, १०:००, १२:००, २:०० अशा सगळ्या नोंदी घड्याळाच्या ठोक्यावर आणि एकाच पेनाने, एकाच अक्षरात असतील तर त्या पाळीच्या शेवटी बसून भरलेल्या आहेत. खरं काम ८:१०, १०:२५ असं पडतं. सकाळी अकराला दुपारच्या दोनची नोंद तयार सापडली, तर तेवढा कागद लगेच ताब्यात घ्या किंवा फोटो काढा. तक्ता म्हणतो ‘डावी कूस’ आणि व्यक्ती पाठीवर झोपलेली आहे, हेही तिथल्या तिथे वेळेसह टिपा.

वजन हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा. महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटलं असेल तर डॉक्टरांना कळवलेलं आणि आहारात बदल केलेला दिसला पाहिजे. ६० किलोच्या माणसाला हे अनुक्रमे ३ आणि ६ किलो. सलग तीन महिने वजन दशांशापर्यंत तेच असेल तर काटा वापरलेलाच नाही. आणि घरातल्या सगळ्यांचंच वजन एका महिन्यात दोन किलोने बदललं असेल तर काटा बिघडलाय. त्यावर माहितीतलं वजन ठेवून बघा.

लघवीची नळी असलेल्या व्यक्तीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली हवी आणि जमिनीला टेकलेली नको. चष्मा स्वच्छ आहे का, कानातल्या यंत्राची बॅटरी चालू आहे का, कवळी स्वतःचीच आहे ना, हे विचारायला लाजू नका. चष्म्याशिवाय आणि यंत्राशिवाय बसलेला माणूस ‘गोंधळलेला’ म्हणून नोंदला जातो, आणि तिथून पुढे गुंगीच्या गोळीपर्यंत अंतर फार नसतं.

पाण्याचं तापमान

इथे दोन धोके एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. साठ्यातलं गरम पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावं लागतं, कारण लीजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतो. पण ६० अंशाच्या पाण्याने वृद्धांची पातळ त्वचा काही सेकंदांत भाजते. म्हणून नळाजवळ थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि अंघोळीच्या टबात ४४ पेक्षा, शॉवरला ४१ पेक्षा जास्त पाणी येता कामा नये.

नेहमी घडतं ते असं : कोणीतरी भाजतं, आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करायचं सोडून बॉयलरच ४५ वर आणला जातो. भाजणं थांबतं, जिवाणूची सोय होते.

मोजायचं कसं : टाकीपासून सर्वांत जवळचा आणि सर्वांत दूरचा असे दोन नळ घ्या. व्हॉल्व्ह नसलेल्या गरम नळाला एक मिनिट पाणी वाहू दिल्यावर ५० अंश किंवा जास्त यायला हवं. थंड नळाचं पाणी दोन मिनिटांनी २० च्या खाली. मिसळलेल्या पाण्याच्या नळाखाली थर्मामीटर धारेत धरून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. शॉवरच्या जाळीवर पांढरा क्षार साचलेला दिसला तर व्हॉल्व्हमध्येही तो साचलेला असणार, आणि क्षाराने अडकलेला व्हॉल्व्ह अचानक पूर्ण गरम पाणी सोडू शकतो. बंद पडलेल्या खोल्यांचे नळ आठवड्यातून एकदा तरी वाहते केल्याची नोंद मागा.

औषधं

औषधवाटपाची एक पूर्ण फेरी शेजारी उभं राहून बघा, मधे न बोलता. सही कधी होते? गोळी गिळलेली पाहिल्यावर व्हायला हवी. ट्रॉलीवरच सगळ्या सह्या आधी उरकल्या तर नाकारलेली गोळीही ‘दिली’ म्हणून नोंदली जाते. छोट्या वाट्यांत आधीच काढून ठेवलेल्या गोळ्या दिसल्या तर त्या कोणी, कशावरून ओळखायच्या हे विचारा.

फेरी किती वेळ चालते हे मोजा. आठची फेरी साडेदहाला संपत असेल तर तीन गोष्टी बिघडतात. पार्किन्सनच्या रुग्णाला औषध अर्ध्या-पाऊण तासाने उशिरा मिळालं तरी शरीर आखडू शकतं. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत किमान चार तास हवेत, आणि साडेदहा व बारा यांत ते बसत नाहीत. हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधं उपाशीपोटी घेऊन निदान अर्धा तास सरळ बसायचं असतं. नाश्त्यानंतर दिली तर ती जवळपास वाया जातात.

गोळ्या कुटून देत असतील तर डॉक्टर किंवा फार्मासिस्टची लेखी संमती प्रत्येक औषधासाठी मागा. हळूहळू सुटणारी गोळी कुटली की दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. जेवणात लपवून औषध देणं हा त्याहून गंभीर निर्णय. तो स्वयंपाकघरात घ्यायचा नसतो.

मग तीन औषधं निवडून हिशोब करा : आधीची शिल्लक, अधिक आलेली, वजा दिलेली, वजा टाकलेली. उत्तर डब्यातल्या गोळ्यांइतकं यायला हवं. मॉर्फिनसारखी औषधं वेगळ्या कुलपात, वेगळ्या वहीत, प्रत्येक वेळी दोन सह्या आणि चालू शिल्लक. फ्रीज २ ते ८ अंश. तोही फक्त आत्ताचा आकडा नको, कमाल आणि किमान दाखवणारा थर्मामीटर हवा, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं की दिसायला नेहमीसारखंच असू शकतं, पण ते वापरायचं नसतं. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर उघडल्याची तारीख नसेल तर ती बाद. बहुतेक थेंब उघडल्यावर चार आठवडेच चालतात.

‘गरज पडल्यास’ लिहिलेली झोपेची किंवा शांत करणारी गोळी एका महिन्याच्या तक्त्यावर पाहा. ती रोज रात्री नऊलाच दिली जात असेल तर गरज रहिवाशाची नाही, पाळीची आहे.

आग

व्यवस्थापकाला विचारू नका. रात्रपाळीच्या सर्वांत नव्या माणसाला विचारा : ‘अमुक खोलीत धूर दिसला, तर पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही काय कराल?’ उत्तर ‘सगळ्यांना बाहेर काढू’ असं आलं तर योजना कागदावरच आहे. दोन माणसं तीस अंथरुणं जिने उतरवू शकत नाहीत. बरोबर उत्तर असं असतं की त्या खोलीतल्या माणसाला बाहेर काढायचं, दार बंद करायचं, आणि त्या भागातल्या बाकीच्यांना त्याच मजल्यावर आगरोधक दाराच्या पलीकडे न्यायचं. म्हणूनच सगळी मदार दारांवर आहे.

प्रत्येक आगरोधक दार पूर्ण उघडून सोडा. ते आपोआप, कडीसकट बंद झालं पाहिजे. पाचर, खुर्ची किंवा कचऱ्याचा डबा लावून उघडं ठेवलेलं दार हा या तपासणीतला सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोष. नुसता अडथळा काढून पुढे जाऊ नका. दार उघडं का ठेवावं लागतं ते शोधा. बहुधा दार जड असतं आणि वॉकर घेतलेल्या माणसाला ढकलता येत नाही. अलार्म वाजताच सुटणारा चुंबक बसवला की प्रश्न मिटतो.

बाहेर जायच्या दारांची कुलपं, अग्निशामकाच्या दाबमापकावरच्या काट्याची हिरवी खूण आणि तपासणीची तारीख, जिन्याखालचा अडगळीचा ढीग, हे भराभर पाहून घ्या. ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने बांधलेले हवेत, आणि जवळ तेल, ग्रीस, ज्योत काही नको. एक कमी माहीत असलेली गोष्ट : त्वचेला लावायची पॅराफिनयुक्त मलमं कपड्यांत आणि चादरींत मुरतात, आणि असं कापड ठिणगीने झपाट्याने पेटतं. धूम्रपान करणाऱ्या रहिवाशाला असं मलम लागत असेल तर त्याच्या आराखड्यात याचा उल्लेख हवा.

शेवटची कवायत कधी झाली ते विचारा, आणि ती रात्रीच्या मनुष्यबळाएवढ्याच माणसांत झाली का तेही.

पडणं, पलंग, उचलायची यंत्रं

पडण्याची नोंदवही घेऊन वेळा एका ओळीत मांडा. पहाटे आणि संध्याकाळी गर्दी दिसली तर कारण बहुधा शौचालयाला जायची घाई आणि पाळी बदलण्याची वेळ. चाळीस रहिवाशांच्या घरात वर्षभरात एकही पडल्याची नोंद नसेल तर आनंद मानू नका. नोंद होत नाही एवढाच त्याचा अर्थ. रक्त पातळ करणारी गोळी घेणारी व्यक्ती डोक्यावर पडली, तर लगेच वैद्यकीय सल्ला घेतला का, हे एका घटनेत तरी शेवटपर्यंत तपासा.

पलंगाचे कठडे मोजा. दांड्यांमधली फट १२ सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, कारण त्याहून मोठ्या फटीत डोकं अडकू शकतं. कठड्याचा माथा गादीच्या वर किमान २२ सेंटिमीटर. साध्या गादीवर हवेची गादी चढवली की हीच उंची कमी होते आणि माणूस वरून घरंगळतो. गोंधळलेल्या पण पाय चालणाऱ्या व्यक्तीला कठडा लावणं उलट धोक्याचं. ती कठड्यावर चढते आणि जास्त उंचीवरून पडते. तिला जमिनीलगत खाली येणारा पलंग हवा.

उचलण्याच्या यंत्रावर वजनाची मर्यादा आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली असावी. त्याची झोळी हातात घेऊन शिवण, पट्ट्यांचे फास आणि लेबल पाहा. लेबल धुऊन गेलं असेल तर माप कळत नाही. मोठ्या झोळीतून माणूस सरकतो. एकच झोळी सगळ्यांना वापरत असतील तर तो संसर्गाचाही प्रश्न आहे.

वरच्या मजल्यावरची खिडकी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडता कामा नये. चाकखुर्चीच्या उताराचा चढ १ ला १२, म्हणजे १२ फूट लांबीला १ फूट उंची.

बेल स्वतः दाबा आणि घड्याळ लावा, शक्यतो जेवणाच्या वेळी. शौचालयातली ओढायची दोरी जमिनीपर्यंत लोंबते का? सफाई करताना ती गुंडाळून वर बांधली जाते आणि तशीच राहते. पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही.

जेवणाची वेळ

एका जेवणाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबा. गिळायला त्रास असणाऱ्या व्यक्ती सरळ बसलेल्या आहेत का, भरवणारी सेविका समोर बसून भरवते की उभ्याने दोघांना एकदम, ताटं किती उरलेली परत जातात आणि उरलेलं कोण नोंदवतं, हे पाहा.

घट्ट केलेल्या पेयांसाठी आंतरराष्ट्रीय मोजपद्धत आहे. पेयांच्या पायऱ्या ० ते ४. तपासणी सोपी आहे. ० ते १० मिलीच्या खुणा ६१.५ मिलिमीटर लांबीत असलेल्या सिरिंजचं टोक बोटाने बंद करून पेय भरा, बोट काढा आणि १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. १ ते ४ मिली उरलं तर पहिली पायरी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ पेक्षा जास्त उरूनही थोडं वाहिलं तर तिसरी. काहीच वाहिलं नाही तर चौथी. ‘अंदाजाने दोन चमचे पावडर’ हे उत्तर चालत नाही.

रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर नको. संध्याकाळी साडेपाचला जेवण उरकून सकाळी साडेआठला नाश्ता देणारी घरं असतात. तिथे मधुमेही रहिवाशांच्या पहाटेच्या साखरेच्या नोंदी मुद्दाम काढा.

बोलणं आणि बसून पाहणं

रहिवाशांशी एकांतात बोला. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ याला सगळे हो म्हणतात. ‘काल रात्री उठावं लागलं तेव्हा कोण आलं? किती वेळाने? अंघोळीची वेळ कोण ठरवतं?’ असं विचारा. ज्यांना बोलून सांगता येत नाही त्यांच्या दिवाणखान्यात अर्धा तास गप्प बसा आणि दर पाच मिनिटांनी टिपा : कोण जागं आहे, कोणाशी कोण बोललं, बोलणं माणसाशी होतं की फक्त ‘उठा’, ‘तोंड उघडा’ एवढंच.

बांधून ठेवणं म्हणजे फक्त दोरी नव्हे. उठता येणार नाही इतकी मागे कललेली खुर्ची, समोर अडकवलेला ट्रे, हाताला लागणार नाही असा ठेवलेला वॉकर, या सगळ्याला लेखी कारण आणि फेरविचाराची तारीख लागते.

दोन रहिवाशांच्या खर्चाच्या पैशांची पाकिटं उघडून पावत्यांशी जुळवा. तक्रारवही कोरी असेल तर तक्रार कशी करायची हे तीन नातेवाइकांना विचारा.

लिहिणं

जिवाला धोका असलेल्या गोष्टी अहवालाची वाट पाहत नाहीत : बंद कुलपाचं बाहेरचं दार, ५५ अंशाचं टबातलं पाणी, उपचाराविना जखम. त्या जागेवरच सांगा, त्याच दिवशी काय केलं ते पाहा, वेळेसह लिहून घ्या. छळ किंवा मारहाणीचा संशय असेल तर व्यवस्थापकाशी चर्चा न करता थेट संबंधित यंत्रणेला कळवा.

बाकी प्रत्येक दोष तीन तुकड्यांत लिहा : एक, काय, कुठे, किती वाजता दिसलं; दोन, ते दुसऱ्या कशाने पक्कं झालं; तीन, त्यामुळे कोणाचं काय बिघडू शकतं. ‘स्वच्छता समाधानकारक नाही’ या वाक्यावर कोणीही काही करू शकत नाही. ‘दुसऱ्या मजल्याच्या पूर्वेकडील स्नानगृहात ७:४० वाजता शॉवरचं पाणी ४९ अंश, महिन्याच्या तक्त्यात सर्व नोंदी ४१’ यावर प्लंबरही येतो आणि तक्ता भरणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं.

दुरुस्तीची तारीख ठरवताना संबंधित माणसाचं पदनाम लिहा, ‘संस्था’ नको. पुन्हा जाल तेव्हा त्याच नळाला तोच थर्मामीटर लावा, तेच दार सोडून बघा, आणि पाचांपैकी जे अजून तिथे आहेत त्यांचं वजन नव्याने करून घ्या.